कढीपत्त्याचा चोर

“अगं ये नांदेडवाले, उठलीस का न्हाई?”

मावशींचा आवाज भिंतीपलीकडून आला की आमच्याकडचा चहा हमखास उतू जातो. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी विटांची भिंत आहे. तिच्यातल्या दोन विटा एका जागी निघाल्यात. कुणी काढल्या म्हणून विचारलं तर त्या माझं नाव घेतात, मी त्यांचं. वाटीभर विरजण, कारल्याचं बी, सुनेच्या डोहाळजेवणाचे फोटो आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या बातम्या त्या भगदाडातूनच ये-जा करतात.

“उठले की. तुम्ही काय करूलालाव?”

मी लातूरचं बोलायला गेले की मावशी खुदकन हसतात. नांदेडात आम्ही ‘काय करायलाव’ म्हणतो. इथं येऊन दहा वर्षं उलटली तरी हा मधला ‘लाल’ माझ्या जिभेवर पाहुण्यासारखाच बसतो, अंग चोरून. पण आज त्या हसल्या नाहीत.

“चोरी झाली गं माय.”

“अगं बाई! काय गेलं?”

“कढीपत्ता.”

मी गॅस बारीक केला आणि भिंतीशी आले. शहराबाहेरच्या माणसाला यात हसण्यासारखं वाटेल, पण शिवरात्र झाल्यावरचा कढीपत्ता ही काय चीज आहे ते ज्याच्या दारात झाड आहे त्यालाच ठाऊक. थंडीभर हे झाड रुसून बसलेलं असतं. पानं जून, काळपट, कडेला पिवळी. फोडणीत टाकलं तर नुसतं तडतडतं, वास म्हणून नाही. मग रात्रीची गोधडी पायाशी सरकायला लागली की एक दिवस शेंड्याला तांबूस-पोपटी पालवी दिसते. त्या पालवीचा वास बोटाला लागला तर दुपारपर्यंत जात नाही. मावशींनी ती पालवी आठ दिवस राखली होती. घरच्यांनाही तोडू दिली नव्हती.

“काल सांजेला होती. मी हात लावून बघितली. आन् आता बघ, नुसत्या काड्या.”

“कोण येणार मावशी तुमच्या परसात?”

मावशींनी मागच्या गल्लीकडे हनुवटी उडवली. तिथं तीन मजली इमारत आहे आणि तिच्यात पोरंच पोरं. लातूर पॅटर्नच्या नावानं आख्ख्या महाराष्ट्रातून डॉक्टर व्हायला आलेली. पहाटे चारला त्यांच्या खोल्यांमध्ये दिवे लागतात. आमच्या गल्लीत देवाच्या आधी तीच जागी होतात.

“पोरं कढीपत्ता नेऊन काय करतील? जीवशास्त्राचा अभ्यास?”

“पोरं न्हाई गं. पोरांना डबे कोण देतं?” आवाज उतरवून, डोळे बारीक करून मावशी म्हणाल्या. “सत्तर डबे जातात म्हणं रोजचे. सत्तर डब्यांचं वरण हाय. वरण पातळ असलं म्हणजे फोडणी तरी वासाची लागती. बाजारात कढीपत्त्याची जुडी काय भावानं हाय, तू बघितलीस का? आन् ती बाई आपल्या परसाच्या मागूनच जाती, पहाटेच्या अंधारात.”

“बघितलंत का तुम्ही तिला?”

“बघायला कशाला पाहिजे?” मावशी म्हणाल्या. “मागल्या खेपेला पानं गेली तेव्हाच मी रथसप्तमीच्या हळदीकुंकवात बोलून बसले.”

म्हणजे चोरी पुन्हा झाली होती, आणि आरोप आधीच गल्लीभर फिरून आला होता.

एवढं बोलताना त्यांचा हात चालूच होता. मावशींशी गप्पा मारायच्या म्हणजे त्या कधी समोर बघत नाहीत. आज मोगऱ्यापाशी बसल्या होत्या. मोगरा कसला, चार बोडके खुंट. माघातच त्यांनी तो गुडघ्याएवढा छाटला होता, उरलेली पानंही ओरबाडली होती, बुंध्याची माती खुरप्यानं उकरून मुळ्यांना ऊन दाखवलं होतं आणि आठ-दहा दिवस त्याला पाण्याचा थेंब दिला नव्हता. आता शेणखत घालून आळं बांधत होत्या. त्या काळ्या खुंटांवर डोळे फुटले होते, मोहरीएवढे हिरवे.

भिंतीच्या या बाजूला माझा मोगरा. त्यांच्याच मोगऱ्याची फांदी मातीत दाबून मी रोप केलेलं. कंबरेएवढा, हिरवागार, पानं अशी की कुणी तेल लावून पुसलीत. आणि कळी एक नाही. गेल्या वर्षी आख्ख्या चैत्रात त्यानं मला मोजून अकरा फुलं दिली. दिराच्या लग्नात मला गजरा विकत घ्यावा लागला, तोही मावशींच्या देखत.

“तू त्याला रोज पाणी पाजतीस,” त्या म्हणाल्या. “पोट भरलेलं झाड कशाला फुलंल? त्याला वाटतं बरं चाललंय, पानं काढून बसतंय आरामात. जरा पाणी तोड, जरा काप. जीव जातोय असं वाटलं की फुलतंय बघ.”

“हे झाडालाच लागू का माणसाला पण?”

“तुझ्या नवऱ्यावर करून बघ,” असं म्हणून त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की वरच्या खोलीतल्या एका पोरानं खिडकी लावून घेतली.

ताण देणं ही गोष्ट मला पुस्तकी माहीत होती. लिंबाचे मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहर, त्यातला आंबे बहर धरायचा तर थंडीत पाणी तोडून ठेवायचं आणि माघाच्या तोंडाशी पुन्हा सुरू करायचं, हे आमच्या वडिलांच्या तोंडी मी लहानपणापासून ऐकलंय. पण ऐकणं वेगळं आणि हातातला पाइप बंद करणं वेगळं. मी गोदावरीकाठची. आमच्या नांदेडला उन्हाळ्यात पाण्याची ओरड नसते असं नाही. पण वर विष्णुपुरीला अडवलेलं पाणी डोळ्यांना दिसत असतं आणि दिसणाऱ्या पाण्याचा माणसाला धीर असतो. अर्धापूरला मामाकडं गेलं की केळीच्या बागा आणि हळदीची वावरं. तिथं झाडाला पाणी देताना कुणी हिशेब केलेला मी पाहिला नव्हता. लातुरात पहिल्याच आठवड्यात मी सकाळी पाइप लावून झाडं भिजवत उभी होते, तेव्हा याच भिंतीवरून ओळखीपाळखीच्या आधी पहिलं वाक्य आलं होतं: “बाई, झाडाला पाणी घालूलालाव का न्हाऊ घालूलालाव?”

तेव्हापासून माझं नाव नांदेडवाली.

एकदा मी चिडून म्हटलंही होतं, “तुमची मांजरा शेवटी येऊन आमच्या गोदावरीलाच मिळते.” मावशी शांतपणे म्हणाल्या, “मिळंल की. पण आधी इथं थांबंल तर.”

थांबली नव्हती ते वर्ष २०१६. आम्हाला लातुरात येऊन जेमतेम वर्ष होत होतं. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चात पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून १४४ कलम लागलं. पाण्याभोवती जमावबंदी! आणि १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. लोक रेल्वे बघायला स्टेशनवर गेले होते. फुलं, हार, फोटो. मीही गेले होते.

“मी न्हाई गेले,” मावशी आजही सांगतात. “मी झाडं मोजत बसले.”

चौदा झाडं होती. घरात माणसं पाच. धुण्याभांड्याचं पाणी धरून झाडांच्या वाट्याला रोजची एक बादली. एका बादलीत चौदा झाडं जगत नाहीत, म्हणून त्यांनी फाल्गुनातच यादी केली होती. तुळस, मोगरा, कढीपत्ता, एक जास्वंद. बाकीच्यांना द्यायचं नाही म्हणजे नाही. थोडं थोडं सगळ्यांना दिलं तर सगळीच जातात. गुलाब गेले, डाळिंब गेलं. सासऱ्यांनी लावलेला चिक्कू होता. तोही यादीत नव्हता.

“महिनाभर मी त्याच्याकडं बघितलंच न्हाई. पाठ करून जायची. नजर पडली की बादली तिकडंच वळायची.”

चिक्कूचा वाळला बुंधा त्यांनी अजून काढलेला नाही. त्याच्यावर दर उन्हाळ्यात दोडक्याचा वेल चढतो.

त्या वर्षापासून त्यांना खोड लागली ती लागली. पाऊस बख्खळ झालेला असो, मांजरा भरून सांडव्यावरून वाहिलेलं असो, शिवरात्र ते होळीच्या मधे एका सकाळी मावशी कमरेवर हात ठेवून परसात उभ्या राहतात आणि बोट फिरवतात. हे ठेवायचं. हे गेलं तर गेलं. यंदाच्या यादीत शेवंतीचं नाव नाही, कारण ती तशीही फुलून थकली. गुलाबाला पाव बादली मंजूर झालीय. गुलाब ऐकत होता की काय कोण जाणे, दुसऱ्या दिवशी त्याला कळी आली.

पाण्याच्या बाबतीत या बाईची शिस्त मी अजून पुरती शिकलेली नाही. भांड्यांचं पहिलं पाणी नालीला, कारण त्यात साबण आणि खरकट्याचं मीठ. दुसरं खळबळलेलं पाणी बादलीत. तांदूळ-डाळीचं धुवण तुळशीला. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जे वाया जातं ते मी आनंदानं कुंड्यांना घालत होते. ते खारं असतं, कुंडीला घालू नको, फरशीला वापर, हेही त्यांनीच सांगितलं. आणि सुगडं! संक्रांतीची सुगडं आम्ही नांदेडला नदीत सोडायचो, नाहीतर माळ्यावर टाकायचो. मावशी ती गळ्यापर्यंत मातीत पुरतात, एकेक रोपाशेजारी एकेक. सुगडात पाणी भरायचं, वर करवंटीचं झाकण. भाजक्या मातीचं भांडं, ते आपलं पाझरत राहतं. यंदा मी माझी पाच आणि हळदीकुंकवाला मिळालेली, अशी बारा पुरलीत. माझ्या परसात सध्या बारा करवंट्या ओळीनं दिसतात. पाहुण्यांना वाटतं आमच्याकडं काही तोडगा केलाय.

वरून आच्छादन सोयाबीनच्या भुसकटाचं. ते इथं कुणाच्याही शेतात मिळतं, पोतंभर मागितलं तर ट्रॉलीभर घेऊन जा म्हणतात. काळी माती एकदा उघडी तापली की तिला अशा भेगा पडतात की एकदा माझं जोडवं त्यात गेलं ते गेलं. मावशी म्हणाल्या, पावसाळ्यात माती मिटंल तेव्हा नांगराला लागंल.

भुसकट कमी पडलं तर कडुनिंब आहेच. त्यावरून मात्र आमच्या गल्लीत दरवर्षी महाभारत होतं. पलीकडच्या मास्तरांच्या दारात जुना कडुनिंब आहे. फाल्गुन लागला की तो पानं सोडतो आणि वारा पश्चिमेचा. झाड मास्तरांचं, कचरा आमचा. समोरच्या वहिनी रोज सकाळी तो ढीग झाडून मास्तरांच्या फाटकाशी लोटतात, मास्तर तो संध्याकाळी परत मधोमध लोटतात. दोघंही एकमेकांशी अतिशय गोड बोलतात. मावशी मात्र रात्री गुपचूप पोतं घेऊन जातात आणि तो ढीगच उचलून आणतात. सकाळी वहिनींना वाटतं मास्तर नमले, मास्तरांना वाटतं वहिनी नमल्या. गेली कित्येक वर्षं हा तह असाच टिकून आहे. पाडवा येईपर्यंत त्याच झाडाला तांबडी लुसलुशीत पालवी आणि पांढरा फुलोरा येतो आणि मग वहिनीच पहिल्यांदा फांदी मागायला जातात.

“मावशी, आज बी टाकायचं ना?”

“सांजेला. उन्हात कोण टाकतं?”

उन्हाळी वेलांचं बी शिवरात्रीनंतर लावायचं हा त्यांचा नेम. भोपळा, कारलं, काकडी. दोडका मात्र त्यांनी मोठ्या कुंडीत लवकरच लावला होता, भिंतीच्या उबेला. तो चिक्कूच्या खुंटावर चढून फुलायलाही लागला होता. गेल्या वर्षी माझा भोपळा नुसता फुलायचा आणि गळायचा, तेव्हा मी त्याला वांझोटा ठरवून उपटायला निघाले होते. मावशींनी हात धरला. म्हणाल्या, आधी येतात ती सगळी नरफुलं, त्यांच्या मागं काही नसतं. मादीफुलाच्या मागं बोटाएवढा भोपळा आधीपासून असतोच, ते मागाहून येतं. मधमाशी फिरकली नाही तर नरफुल तोडून आपणच टेकवायचं. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, उन्हं वर आली की मिटतं. दोडक्याचं उलटं, ते दिवेलागणीला उमलतं. त्यामुळं आमच्या गप्पांचं वेळापत्रकही वेलांनीच ठरवून दिलंय. सकाळी भोपळ्याच्या, संध्याकाळी दोडक्याच्या.

तर त्या संध्याकाळी दोडक्याची पिवळी फुलं उमलत होती. मी भगदाडाशी उभी, मावशी खुंटापाशी फूल टेकवत. विषय अर्थातच डबेवाली. तिनं नवीन स्कूटी घेतली, तिच्या पोराला पुण्याला घातलं, हे सगळं काय नुसत्या डब्यांवर होतं का, अशी गाडी चालली होती. माझी नजर मावशींच्या मागं कढीपत्त्यावर गेली. काड्या. नीट उभ्या, हिरव्या काड्या.

“मावशी, कढीपत्ता चोरणारा पानं वेचून काड्या झाडाला ठेवून जाईल का?”

“म्हंजे?”

“चोर देठासकट मोडून नेईल ना. अंधारात उभं राहून एकेक पान खुडत बसेल?”

मावशींनी हातातलं फूल सोडलं. मी मोबाईलचा उजेड पाडला. पहिल्यांदा काही दिसलं नाही. मग एका पानावर पाखराची शीट दिसली, काळी-पांढरी. मग ती शीट चालायला लागली.

तिच्या खालच्या फांदीवर तिची मोठी भावंडं. करंगळीएवढ्या जाड हिरव्या अळ्या, पानाचाच रंग, पानाच्याच कडेला चिकटलेल्या, हप्त्याची वसुली केल्यासारख्या सावकाश खात बसलेल्या. मी काडीनं एकीला डिवचलं. तिनं डोकं मागं टाकलं आणि मानेतून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली. असा उग्र वास सुटला की आम्ही दोघी मागं सरलो. लिंबाच्या फुलपाखराची अळी. लिंबू, बेल, कढीपत्ता या एका घराण्याची पानं तिला चालतात, आणि त्यातलीही कोवळी. म्हणजे पालवी फुटायची वाट मावशींसारखीच तीही बघत होती.

“सात हायेत,” मावशी मोजून म्हणाल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बाईंच्या बाबतीत ही घटनाच.

“आता डबेवालीचं काय?” मी विचारलं.

“तिचं काय? तिला कुठं कळलंय मी काय म्हणले ते.”

“कळलंय. परवा मला म्हणाली, तुमच्या मावशींच्या परसावरून जाताना आता मी दोन्ही हात वर करून जाते.”

मावशींचा चेहरा दोडक्यासारखा झाला. त्या आत गेल्या. मला वाटलं आता दार लावून घेतील. पण बाहेर आल्या त्या विळा घेऊन. वाफ्याच्या कडेला त्यांची कोथिंबीर उभी होती, ऊन वाढल्यानं तुरे धरायला लागलेली. ही साधी कोथिंबीर नव्हे. मावशींचं माहेर औसा तालुक्यातलं, आणि त्याच तालुक्यातल्या आशिवची कास्ती कोथिंबीर. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, निलंग्याकडच्या पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांच्याबरोबर. तेव्हापासून मावशी ती कुणाला फुकट देत नाहीत. मला दिली तरी आधी तिचा वास घ्यायला लावतात, “सरकारी कागद हाय हिला,” म्हणतात आणि मगच हातात ठेवतात. बियाण्यासाठी राखलेली ती कोथिंबीर त्यांनी अर्धी कापली, तीन मोठ्या जुड्या बांधल्या आणि भगदाडातून माझ्याकडं दिल्या.

“तिला दे. मी दिली म्हणू नको.”

“मग काय म्हणू?”

“म्हण, कोथिंबीर तुरे धरूलाली, वाया जाईल म्हणून.”

मी रात्री नेऊन दिली. डबेवालीनं जुडी नाकाशी नेली, एक भुवई उचलली आणि म्हणाली, “मावशींनी दिली ना?” वास लपत नाही. दुसऱ्या दिवशी सत्तर पोरांच्या वरणात मानांकनाची कोथिंबीर गेली असणार. जेवताना पुस्तकात डोकं घालून बसलेल्यांना ते कळलं असेल असं मला वाटत नाही.

परत आले तर मावशी अजून कढीपत्त्याशीच. हातात जुनी चाळणी.

“मारू नका मावशी,” मी भिंतीवरून म्हटलं. “फुलपाखरं होतात त्यांची. काळी-पिवळी, छान असतात.”

“म्या कशाला मारीन? जीव हाय तो.” चाळणीत एकेक अळी उचलून ठेवत त्या म्हणाल्या. “पण कढीपत्ता माझ्या यादीत हाय, त्या न्हाईत. एका झाडावर दोघांचं कसं भागंल?”

“मग कुठं सोडणार?”

“बघते कुठंतरी. तू जा, झोप.”

मी झोपले. सकाळी उठून परसात गेले. माझ्या लिंबाची एक फांदी भिंतीवरून मावशींच्या बाजूला गेलीय. तिची लिंबं कुणाची यावर आमचं जुनं प्रकरण प्रलंबित आहे. यंदा त्या फांदीला नवी पालवी काय सुरेख आली होती! मी तिच्याखाली उभी राहिले. पालवीच्या जागी काड्या होत्या, आणि काड्यांच्या खालच्या पानांवर हिरव्यागार, तृप्त, शेजारी शेजारी बसलेल्या. मी मोजल्या. सात.

“अगं ये नांदेडवाले,” भिंतीपलीकडून आवाज आला, आज विशेष गोड. “चहा उतू चाललाय बघ तुझा.”